गवताचे शिक्षण आणि आपली मुले

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम. पर्यावरण हा काही माझा विषय नव्हे. तरीही आज त्यावर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्यास कारण माझी नात. बारावी विज्ञान शाखा उत्तीर्ण झाल्यावर ती म्हणाली, "आजोबा, मला कृषी पदवी घेऊन पुढे कुरणांचा अभ्यास करायचा आहे." मी हसून म्हणालो, "अगं, गवत शिकून कोणाचे पोट भरले आहे?" त्यावर तिने शांतपणे विचारले, "२०१३ च्या दुष्काळात तुम्ही चाऱ्यासाठी देणगीची पावती फाडलीत. आपल्या माळावर तो चारा का उरला नाही, हे कधी विचारलेत का?" मी निरुत्तर झालो.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगा होतो. दावणीची जनावरे कवडीमोलाने विकली जाताना मी पाहिली आहेत. पांजरपोळ, छावणी, चारादान ही आपल्या समाजाची परंपरा आहे. पण चारा ज्या माळावर उगवतो, त्यास आपण पडीक म्हणतो. तो पडीक नसून कुरण आहे, हे मला नातीने शिकविले.

त्यानंतर मी या शिक्षणाची चौकशी केली. अमेरिकेत कुरणशास्त्राची स्वतंत्र पदवी मिळते. आपल्याकडे कृषी, वनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राच्या पदवीनंतर त्या वाटेने जाता येते. परभणी व राहुरी येथे कृषी विद्यापीठे आहेत. दापोली व अकोला येथे वनशास्त्राचे शिक्षण मिळते. झाशी येथे १९६२ साली स्थापन झालेली भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्था आहे, तर देहरादून येथे भारतीय वन्यजीव संस्था आहे. पुढे स्पर्धा परीक्षा देऊन वनसेवा, तसेच संशोधन, अध्यापन, पाणलोट विकास व स्वयंसेवी संस्था ही क्षेत्रे खुली होतात. चिखलदऱ्याच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. गजानन मुरतकर यांच्या गवताच्या ज्ञानाचा उपयोग मेळघाटातील कुरणे वाढविण्यासाठी झाला. जागा थोड्या आहेत व पगार संगणक अभियंत्याएवढा असेलच असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

या शास्त्रातील एक नियम मात्र मला व्यापारी म्हणून फार भावला. गवताचा साधारण निम्मा भागच चरू द्यावा, निम्मा राखावा. मुळे हे मुद्दल आणि वरची वाढ हे व्याज. मुद्दल खाणाऱ्या पेढीचे जे होते, तेच अतिचराई झालेल्या माळाचे होते. हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची शिस्त पाळली आणि त्या गावचा दूधधंदा वाढला.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नज येथे माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. आज तेथे माळढोकाचे दर्शन अत्यंत दुर्मीळ आहे. माळावर सरसकट झाडे लावणे हेही उपकारक नाही, कारण माळढोक, काळवीट, लांडगा यांना मोकळे गवतच हवे असते. चांगल्या हेतूनेही हानी होऊ शकते. म्हणूनच जाणकार माणसे घडविणे आवश्यक आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. या निमित्ताने विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे की, डॉक्टर, सी.ए. व अभियंता होणाऱ्या मुलांचा आपण सत्कार करतो, तशी या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी एक शिष्यवृत्ती ठेवावी. पहिली वर्गणी माझी राहील. मात्र माझ्या नातीचा अर्ज त्यासाठी येणार नाही. तिच्या प्रवेशाच्या अर्जावर मी आनंदाने सही केली आहे.

आपण पन्नास वर्षे मुक्या जिवांना चारा दिला. पुढील पन्नास वर्षांत तो उगवणारी भूमी राखणारी माणसेही आपल्या घरांतून निघावीत, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!