दुःखितांचें सांत्वन

(दुष्काळ-निवारण समितीच्या सर्वसाधारण सभेंत एका ख्रिस्ती पाळकांनीं केलेलें भाषण. वर्गणीदारांच्या इच्छेवरून अहवालासोबत छापिलें आहे.)



अहवाल वाचून झाला, हिशेबही आपणांपुढें आले. त्यानंतर बोलावयास उभें राहणें म्हणजे पंगत उठल्यावर वाढावयास जाण्यासारखें आहे. तथापि चिटणीसांची आज्ञा अशी कीं, पोत्यांविषयीं सांगून झालें, आतां ज्या घरांत दुष्काळाबरोबर मृत्यूही शिरला त्या घरास ख्रिस्ती धर्म काय धीर देतो, तें थोडक्यांत सांगावें. येथें जमलेले बहुतेक सद्गृहस्थ माझ्या धर्माचे नाहींत, म्हणून मी सिद्धान्त मांडीत बसत नाहीं. आमच्या शास्त्रांतील दुष्काळाचीच एक गोष्ट सांगतों.

जुन्या करारांत रूथ नांवाचें चार अध्यायांचें लहानसें पुस्तक आहे. बेथलेहेम या गांवाच्या नांवाचा इब्री भाषेंत अर्थ 'भाकरीचें घर' असा होतो, आणि त्याच गांवांत एके काळीं भाकर मिळेनाशी झाली. अलीमलेख नांवाचा एक गृहस्थ बायको नामी व दोन मुलगे यांस घेऊन मवाब देशांत जगावयास गेला. आपल्याकडे कोरड्या सालीं बिऱ्हाडें पाठीवर टाकून माणसें निघतात, तसाच. तेथें तो वारला. मुलांचीं लग्नें झालीं, आणि दहाएक वर्षांत दोघे मुलगेही गेले. गांवाकडे पुन्हां पिकूं लागल्याचें ऐकून नामी परत आली. सोबत रूथ ही विधवा सून, जातीनें परकी. बायका भोंवतीं जमून 'ही नामीच का?' असें एकमेकींस विचारूं लागल्या. नामी म्हणजे गोड, मनोरम. तिनें तें नांव टाकून दिलें व आपणांस 'मारा', म्हणजे कडू, म्हणावयास सांगितलें. भरल्या हातीं गेलेल्या आपणांस देवानें रिकाम्या हातीं आणिलें, असें ती उघड म्हणाली.

त्या साऱ्या पुस्तकांत या बोलण्याबद्दल तिला कोणी दटावीत नाहीं. शास्त्रानें तिचे कडू शब्द जसेच्या तसे ठेविले. आम्ही उपदेशक मात्र फार उतावीळ. इयोबाचे मित्र त्याच्या भेटीस आले तेव्हां सात दिवस जमिनीवर त्याच्या शेजारीं मुकाट बसले. तोंवर त्यांचें सर्व ठीक चाललें होतें. बोलूं लागले आणि बिघडलें.

माझेंही तसेंच झालें. मागील महिन्यांत धान्यवांटपाच्या ठिकाणीं एक बाई आली. तिचा नवरा पंधरा दिवसांपूर्वीं वारला होता. मीं तिला देवाच्या इच्छेविषयीं, धीर धरण्याविषयीं, परलोकींच्या भेटीविषयीं बरेंच सांगितलें. तिनें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "साहेब, पुढलं वाटप कवा हाये?" मी ओशाळलों. क्षणभर वाटलें कीं हिनें माझें ऐकलेंच नाहीं. रात्रीं रूथाचें पुस्तक उघडलें तेव्हां कळलें कीं, ऐकलें नव्हतें तें मीं.

कारण पुढें काय होतें तें पाहा. बवाज हा त्या गांवचा सधन जमीनदार, अलीमलेखाच्या भाऊबंदांपैकीं. मोशेच्या नियमशास्त्रांत अशी आज्ञा आहे कीं, कापणीच्या वेळीं शेताचे कोपरे सोडावे, आणि गळालेला सरवा मालकानें न वेंचतां गरीब व परदेशी यांच्यासाठीं राहूं द्यावा. एवढें पाळून बवाज स्वस्थ राहता तर त्याला कोणी नांव ठेविलें नसतें. परंतु त्यानें कापणाऱ्यांस सांगून ठेविलें कीं, पेंढ्यांतून मुद्दाम कांहीं कणसें ओढून तिच्या वाटेंत टाकीत जा आणि तिला रागें भरूं नका. भोजनाच्या वेळीं तिला कापणाऱ्यांबरोबर बसविलें, भाजलेले दाणे दिले. ती पोटभर जेवली आणि उरलेलें तिनें सासूसाठीं बांधून घेतलें. आपण दान घेत आहों असें त्या परक्या विधवेस वाटूंही नये, इतकी त्या जमीनदारानें काळजी घेतली. आमच्या वाटपाच्या रांगेंत, खरें बोलावयाचें तर, ही काळजी नेहमीं घेतली जात नाहीं. कोणी दोनदां आला कीं आम्ही ओरडतों.

संध्याकाळीं रूथानें सातू झोडून मोजला तो सुमारे एक एफा भरला. आजच्या मापानें वीस लिटरांहून थोडा अधिक. तें ओझें सासूपुढें उतरविलें, आणि जिनें आपलें नांव कडू ठेविलें होतें तिच्या मुखांतून परत आल्यानंतर प्रथमच देवाचा धन्यवाद निघाला. जिवंतांस व मेलेल्यांसही देव विसरला नाहीं, असें ती म्हणाली. तिचा नवरा परत आला नव्हता, मुलगे परत आले नव्हते. तें दुःख सातूनें भरून निघालें असें शास्त्र कोठेंही म्हणत नाहीं. पण देवानें आपणांस टाकिलें, ही जी दुःखावरची दुसरी जखम, ती त्या संध्याकाळीं बरी होऊं लागली.

आम्ही ख्रिस्ती लोक असें मानतों कीं, देवानें दुःखाचा उलगडा सांगण्याऐवजीं स्वतः दुःखांत उतरणें पत्करिलें. येशू ख्रिस्त आपल्या मित्राच्या, लाजाराच्या, कबरेपाशीं रडला. वधस्तंभावर, देवानें आपणांस कां सोडिलें, हा आक्रोश त्यानेंही केला. म्हणून रडणाऱ्यास आमच्या धर्मांत लाज नाहीं. पौल प्रेषितानें करिंथ येथील मंडळीस जें दुसरें पत्र लिहिलें त्याच्या आरंभींच देवास सर्व सांत्वनाचा दाता म्हटलें आहे, आणि आपणांस सांत्वन मिळतें तें दुसऱ्या दुःखितांपर्यंत पोंचविण्यासाठीं, असें सांगितलें आहे. त्याच पत्राच्या मध्यावर, आठव्या व नवव्या अध्यायांत, यरुशलेमांतील गरिबांसाठीं वर्गणीची मागणी आहे. स्वतः दारिद्र्यांत असलेल्या मासेदोनियाच्या मंडळ्यांनीं कसें दिलें, हें तो करिंथकरांस ऐकवितो. शिवाय, या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेंत कोणास बोट दाखवावयास जागा राहूं नये म्हणून विश्वासू माणसें सोबत पाठवितो. आमच्या हिशेबनिसांनीं तो भाग अवश्य वाचावा. त्यांना बरें वाटेल.

हें सर्व दूरदेशचें झालें. जवळचें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. घराणें विद्वान ब्राह्मणाचें. मजुरीची संवय नाहीं, भीक मागण्याची लाज. दुष्काळांत दागिने गेले, भांडीं गेलीं, शेवटीं रानचा पाला व शिंदीचीं फळें यांवर दिवस काढावे लागले. त्या काळांत आईबाप व थोरली बहीण गेलीं. १८८० सालीं भाऊ गेला, १८८२ सालीं पति गेला. १८८३ सालीं त्यांनीं इंग्लंडांत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६ सालच्या अखेरीस मध्यप्रांतांतील दुष्काळाची वार्ता आली तेव्हां त्यांस आपलें तें रान आठवलें, आणि त्या स्वतः तिकडे जाऊन सुमारे ३०० मुली व बायका घेऊन आल्या. केडगांवच्या जमिनीवर त्यांची सोय केली. तेंच पुढें मुक्तिसदन झालें. १८९९-१९०० च्या दुष्काळांत गुजराथेकडून आणखी शेकडो आल्या. १९२१ सालीं त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली, आणि १९२२ च्या एप्रिलांत त्या स्वतः गेल्या. इतकीं मरणें पाहिलेल्या बाईंचें मन कोरडें पडलें असतें तर नवल नव्हतें.

येथें कोणाच्या मनांत शंका येईल कीं, पाळकसाहेब धान्याबरोबर धर्मही वांटणार काय? शंका अयोग्य नाहीं. ती मागेंही घेतली गेली आहे. बवाजानें रूथास कणसें टाकण्यापूर्वीं कसलीही अट घातली नाहीं. आपल्या वाटपाच्या ठिकाणीं कोणाचा देव विचारला जात नाहीं, आणि मी तेथें असेपर्यंत विचारला जाणार नाहीं.

आतां मागणें. मृगाच्या सरी आल्या कीं वर्गणी आटते, असा अनुभव आहे. परंतु पाऊस पडला म्हणजे पेरणी होते, पोट भरत नाहीं. बियाणें घरांत खाऊन संपलें असेल तर पेरणीही होत नाहीं. रूथ बवाजाच्या शेतांत सातूची कापणी संपेपर्यंत होती, आणि त्यामागून गव्हाचीही संपेपर्यंत. आपणही बाजरी खळ्यांत येईपर्यंत थांबावें, आणि ज्यांच्या कोठारांत बियाणें आहे त्यांनीं त्यांतील कांहीं पोतीं समितीकडे द्यावीं, अशी हात जोडून विनंती आहे.

त्या बाईस मीं पुढील चार गुरुवारांचा शब्द दिला आहे. समितीच्या कोठारांत आज दोन गुरुवार पुरेल एवढें धान्य आहे.