शजऱ्यातली शेवटची ओळ



या संमेलनातल्या भाषणाच्या तयारीसाठी मी एका दर्ग्यात जुने कागद बघायला गेले होते. जागेचं नाव घेत नाही. पहिलाच प्रश्न आला, "तुम्ही कुठल्या घराण्यातल्या?" मी म्हटलं, मी वारस नाही, मुरीद म्हणजे शिष्यही नाही, वाचायला आलेय. गादीच्या दोन वारसांचा दावा कोर्टात आहे, असं सांगून मला दारातूनच परत पाठवलं. तो राग अजून गेलेला नाही. तो घेऊनच इथं उभी आहे.

माझ्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत एक शजरा होता. बैअत, म्हणजे शिष्यत्वाची शपथ, घेताना पीर मुरिदाच्या हातात देतात, ती नावांची साखळी. घड्यांवर फाटलेला छापील कागद, मागून कापड चिकटवलेलं. आजीला अक्षरओळख नव्हती. पण दर गुरुवारी ऊद लावून ती एकेका नावावर बोट ठेवत म्हणायची आणि बोट कधी चुकायचं नाही. तेव्हा मला ती नुसती नावं वाटायची. आता त्यांच्यामागची गावं दिसतात. अजमेरचे ख्वाजा मोइनुद्दीन मूळचे सिजिस्तानचे. त्यांच्यानंतर कुतबुद्दीन बख्तियार काकी, ओशचे. मग बाबा फरीद, मुलतानकडचे. निजामुद्दीन बदायूंचे. त्यांचे शागीर्द बुऱ्हानुद्दीन गरीब हांसीचे. ते दौलताबादेला आले आणि 1337 मध्ये खुलताबादच्या मातीत विसावले. त्यांच्यामागे झैनुद्दीन, शिराझचे. सांगा, यात बाप कोण आणि मुलगा कोण? एकही जोडी नाही!

बाबा फरीदांना मुलगे होते. तरी 1265 साली ते गेले, तेव्हा त्यांचा खिरका, म्हणजे पीराचा झगा, निजामुद्दीनांकडे गेला. घरच्यांना ते रुचलं नाही, हे चरित्रकारांनी लपवलेलं नाही. निजामुद्दीनांनी तर लग्नच केलं नाही. दिल्लीत त्यांच्यामागे आले नसीरुद्दीन चिराग-ए-दिल्ली. 1356 मध्ये त्यांचा शेवट जवळ आला, तेव्हा लायक मुरिदांची यादी त्यांच्यापुढे ठेवली गेली. त्यांनी ती बाजूला सारली. यांना आपल्याच ईमानाचा भार पेलला तरी पुष्कळ, असा त्यांचा भाव होता. मग पीरांकडून आलेला खिरका त्यांच्या छातीवर ठेवला, तसबीहची माळ बोटाला गुंडाळली, लाकडी वाटी डोक्याखाली, काठी आणि खडावा जवळ, आणि सगळं कबरीत गेलं. 1369 मध्ये खुलताबादेत झैनुद्दीन गेले, त्यांनीही आपल्या गादीवर वारस नेमला नाही. साखळी तुटली तरी चालेल, नालायकाच्या गळ्यात घालायची नाही, इतका कडक हिशेब होता हा. आणि त्यांच्या नावानं आज आपण वारस-दाखले मागतो!

दर्गे सांभाळणाऱ्या सगळ्यांना मी एका मापानं मोजत नाही. दुष्काळात लंगर चालू ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांचे उपकार आहेत. पण कबरीची चावी बापाकडून मिळते म्हणून शिकवणही मिळाली, हे मी मान्य करणार नाही.

शिकवण आली ती कानानं आणि लेखणीनं. अमीर हसन सिजझी फौजेच्या नोकरीतले कवी. 1308 ते 1322 या काळात निजामुद्दीनांच्या बैठकीत ऐकलेलं ते लिहून ठेवत. लिहिलेलं पीरांना दाखवलं, तर सुटलेल्या जागा पीरांनी स्वतः भरून दिल्या. ते पुस्तक 'फवाइद-उल-फुआद'. हसनची कबरही खुलताबादेतच आहे. तिथंच काशानी भावांनी बुऱ्हानुद्दीनांचे बोल टिपले : रुकनुद्दीननं 'नफाइस-उल-अन्फास', हम्मादनं 'अहसन-उल-अक्वाल'. भाषा फारसी, जमीन आपली. या मांडवात किती जणांनी ही नावं तरी ऐकली होती? करामतींच्या गोष्टी आपल्याला तोंडपाठ आहेत. हा दोष गादीवाल्यांचा नाही, आपला लेखकांचा आहे.

आणि दर्ग्याच्या पलीकडच्या, मराठी संतांच्या वाटेवरल्यांनाही सोडणार नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम'मध्ये, मराठी ओवीत, चांद बोधल्यांना गुरू म्हणतात. याच बोधल्यांचं जनार्दनस्वामींशी, म्हणजे एकनाथांच्या गुरूंशी असलेलं नातं रा. चिं. ढेऱ्यांनी अभ्यासून मांडलं. तरी व्यासपीठावर बोधल्यांचं नाव घेताना जीभ अडखळते. एकाला ते मुसलमान वाटतात, दुसऱ्याला पुरेसे मुसलमान वाटत नाहीत.

बाबा फरीदांची एक मुलगी होती, बीबी शरीफा. स्त्रीला खिलाफत, म्हणजे पीराचा वारसा, देता आली असती तर तिलाच दिली असती, असं ते म्हणाल्याची नोंद आहे. शतकानुशतकं आपण हे कौतुकानं सांगतो आणि पुढे सरकतो. मला सरकता येत नाही. आजीच्या शजऱ्यात पीरांच्या खाली एक ओळ मोकळी सोडलेली होती. तिथं शाईनं आजीचं नाव लिहिलेलं. साखळी तिच्यापाशी येऊन थांबायची.

उद्या खुल्या अधिवेशनात मी ठराव मांडणार आहे : संमेलनाच्या निधीतून दोन मुलींना फारसी शिकवायची आणि त्यांच्या हातून पहिला अनुवाद 'अहसन-उल-अक्वाल'चा करून घ्यायचा. ज्यांचा विरोध आहे त्यांनी उभं राहून बोलावं, मी उत्तर देईन. ज्या मुलींना शिकायचंय त्यांनी जेवणाच्या सुट्टीआधी चिठ्ठीवर नाव लिहून माझ्याकडे द्यावं. घराणं लिहू नका.