दिरंगाई



कामातल्या हयगयीसाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. कुचराई, चालढकल, टंगळमंगळ, हलगर्जीपणा. आणि कामचुकार तर घरोघरी आहेत. अशा शब्दांतला एकच आज घेतो, कारण त्याच्या नावाने महाराष्ट्रात एक कायदा ओळखला जातो. तो म्हणजे दिरंगाई.

शब्द फारसीतला. 'दिरंग' म्हणजे उशीर, थांबणं. तिकडे तो निरुपद्रवी आहे. बोलता बोलता माणूस क्षणभर थांबला तरी तो दिरंगच. आपण त्याला 'आई' जोडली, ढिलाई-कुचराईच्या पंगतीत बसवलं आणि तो आरोपी झाला. माझा तर्क असा की, शब्द कचेरीतून आला म्हणून हे घडलं. हुकूम सोडणाऱ्याच्या लेखी उशीर नेहमी दुसऱ्यानेच केलेला असतो.

कायद्याचं लोकांच्या तोंडी असलेलं नाव 'दप्तर दिरंगाई कायदा'. दोन्ही शब्द फारसीमार्गे आलेले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी दप्तर काही हललं नाही. त्याचं मूळ आणखी मागे, ग्रीक 'डिफ्थेरा'त, म्हणजे चामड्यात. घशात चामड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून घटसर्पाला डिप्थेरिया म्हणतात, तोही याच घराण्यातला. गुदमरवण्याचा गुण दोघांतही उतरलेला दिसतो!

आता सरकारी नोटिशीतला शब्द पाहा: 'कर्तव्यात कसूर'. कसूर अरबी, धातूचा अर्थ आखूड होणं. प्रवासात चार रकातींची नमाज दोनवर आणतात, ती 'कस्र', त्याच धातूची. कसूर म्हणजे काम अपुरं पडणं, आणि अपुरेपणा दाखवता येतो. दिरंगाईची गोष्ट निराळी. तिथे काम अपुरं नसतंच मुळी, ते 'चालू आहे', 'वर पाठवलंय', 'साहेब दौऱ्यावर आहेत'. कसूर पकडली जाते, दिरंगाई निसटते. म्हणून मला ती अधिक घातक वाटते.

ही पळवाट बुजवायचा प्रयत्न २००५च्या त्या कायद्याने केला. त्याच्या लांबलचक अधिकृत नावात दिरंगाई नाही, 'विलंब' आहे. पण कलम १० स्पष्ट आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये, आणि जाणूनबुजून केलेला विलंब शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो. म्हणजे उशीर हाच कसूर ठरला. 'सर्वसाधारणपणे' या शब्दात मात्र पुष्कळ फायली झोपू शकतात.

तेव्हा श्रोतेहो, तुमचा कागद अडला तर 'कृपया लवकर व्हावे' असं लिहू नका. माहितीचा अधिकारही त्याच वर्षीचा आहे. फाईल कोणाच्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होती, एवढंच विचारा आणि अर्जात कलम १० लिहा.