सोडावॉटरच्या कारखान्याचा निरोप

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना हसूं आलें असेल. गिरण्या बंद पडतात, साखरेचे कारखाने बंद पडतात, त्यांविषयीं सभा भरतात, ठराव होतात. परंतु एका खोलींत मावणारा सोडावॉटरचा कारखाना बंद झाला, तर त्यावर भाषण तें कसलें करावयाचें? शंका रास्त आहे. तथापि बार्शी तालुक्यांतील आमच्या वैराग गांवचा असा एक कारखाना यंदा मृगाच्या आधीं बंद झाला, आणि त्या दिवशीं मी तेथें होतों. एवढाच माझा अधिकार.

कारखाना हा शब्द मोठा वाटतो खरा. पण पाटीवर तोच होता. बाजारपेठेंतील पत्र्याची एक खोली, तींत हातानें फिरवावयाचें चाक, वायूचें लोखंडी नळकांडें, पाण्याचा हौद, आणि लाकडी खोक्यांतून उभ्या केलेल्या हिरवट कांचेच्या बाटल्या. बाटलीच्या गळ्यांत कांचेचीच गोटी. हायरम कॉड नांवाच्या एका इंग्रज कारागिरानें १८७२ सालीं या बाटलीचें पेटंट घेतलें. तिला बूच नाहीं कीं झांकण नाहीं. पाणी व वायु भरून बाटली उलटी केली, कीं गोटी गळ्याकडे येते, आणि आंतला वायूच तिला तोंडाशीं बसविलेल्या रबराच्या कड्यावर दाबून धरतो. म्हणजे जो बाहेर पडूं पाहतो, तोच दार लावून घेतो! फोडतांना गोटी खालीं लोटावी. ती गळ्याच्या खोबणींत अडकते आणि पितांना आड येत नाहीं. मुलांना वायूचा दाब शिकवितांना मीं कित्येक वर्षें हीच बाटली वर्गांत नेली. शाळेच्या उपकरणांच्या पेटीपेक्षां तिचाच उपयोग अधिक झाला, हें आतां सांगावयास हरकत नाहीं.

या पाण्याचें मूळ मात्र मद्याच्या कारखान्यांत आहे. सोंवळ्या श्रोत्यांनीं कानांवर हात ठेवूं नयेत. जोसेफ प्रीस्टले हा धर्मोपदेशक १७६७ सालीं इंग्लंडांतील लीड्स शहरीं राहावयास गेला. त्याच्या घराशेजारीं बिअरचा कारखाना होता. तेथील आंबणाऱ्या पिंपांवर जो जड वायु सांचून राही, त्यांत त्यानें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत पुनःपुन्हा ओतून पाहिलें, आणि पाण्याला ती चुरचुरीत चव आली. पुढें १७८३ त जिनीव्हा येथें श्वेपे यानें त्याचा धंदा केला. आपल्याकडे पारशी व इराणी मंडळींनीं तो रुजविला. पुण्याच्या लष्कर भागांतील अर्देशीर यांचा कारखाना १८८४ चा आहे. आमच्या गांवीं तो आणला चाचांनीं. त्यांचें नांव दुसरें होतें, पण गांव त्यांना चाचाच म्हणे.

माझ्या लहानपणीं गांवांतील चहाच्या दुकानाबाहेर कांहीं कपबश्या वेगळ्या ठेवलेल्या असत. त्या कोणासाठीं, हें सांगावयास नको. चाचांकडे मात्र बाटली सर्वांना एकच. कोणी प्यालेली बाटली कोणाच्या हातीं येईल याचा नेम नव्हता. हौदांतून धुवून निघाली, कीं ती पुन्हां सर्वांची! चाचांनीं यावर कधीं व्याख्यान दिलें नाहीं. बाटल्याच मोजक्या होत्या, हेंहि कारण असेल.

धंद्याला उतार कां लागला, हें थोडक्यांत सांगतों. १९७७ त कोकाकोला कंपनीनें देश सोडला, तेव्हां चाचा खूष झाले होते. १९९३ त ती परत आली, आणि पाठोपाठ प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. त्या परत करावयाच्या नसतात, हीच लोकांना मोठी सोय वाटली. दोष मी कोणाला देत नाहीं. माझ्याहि घरीं पाहुण्यांसाठीं त्याच येतात. जपानांत गोटीच्या बाटलींतलें ‘रामुने’ अद्याप मुलें आवडीनें पितात, असें वाचतों, तेव्हां मात्र थोडा हेवा वाटतो.

पण कारखाना बंद होण्यांत माझाहि हात आहे, आणि खरें म्हणजे तेंच सांगावयाला मी आज बसलों आहें. बाटली भरतांना ती कधीं फुटते. म्हणून तोंडावर जाळी बांधावयाची असते. एकदां जाळी न बांधतां चाचा चाकाशीं उभे राहिले, आणि त्यांचा उजवा डोळा गेला. त्यांच्यामागें चाक धरलें माझ्या वर्गमित्रानें, त्यांच्या मुलानें. त्याचा मुलगा माझा विद्यार्थी, गणितांत तेज. मीं मित्राला बजावलें होतें, “याला या चाकाला जुंपूं नकोस.” त्यानें ऐकलें. मुलगा शिकला, पुण्यास नोकरीला लागला.

शेवटच्या दिवशीं दुकानांत गर्दी होती. दहा-दहा वर्षांत ज्यांनीं तिकडे पाऊल टाकलें नव्हतें, तेहि आले होते. तरुण पोरें मोबाईलवर चित्रें घेत होतीं. पोट दुखतें म्हणून शेजारच्या खेड्यांतून आलेल्या एका म्हातारीला आज दुकान बंद होत आहे, याचा पत्ताच नव्हता; ती म्हणाली, “मग पुढच्या बाजाराला मी कुठं जाऊ?” कोणीच कांहीं बोललें नाहीं. मित्राचा मुलगा पुण्याहून आला होता. सराव नसल्यानें त्याच्या हातून गोटी नीट लोटली जात नव्हती आणि सोडा सदऱ्यावर उडत होता.

मीं मित्राला म्हटलें, “तुला वाईट वाटत असेल.”

तो हंसला. “गुरुजी, तुमचंच ऐकलं की आम्ही.”

त्या हंसण्यांत रोष होता कीं आभार, हें मला चाळीस वर्षें मुलांचे चेहरे वाचूनहि कळलें नाहीं.

निघतांना मीं शाळेसाठीं एक बाटली मागितली. त्यानें चांगलीशी निवडली, फडक्यानें पुसली, आणि संवयीनें हात पुढें केला. “गुरुजी, डिपॉझिट.” मीं वीस रुपये दिले. त्यानें ते वहींत माझ्या नांवावर लिहून घेतले.