‘झालं’ नव्हे, ‘मी केलं’



बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर आत्मविश्वास वाढवणारी पुस्तकं रांगेनं मांडलेली असतात. बहुतेकांत एक सल्ला हमखास सापडतो. सकाळी आरशासमोर उभं राहा आणि म्हणा, ‘मी समर्थ आहे, मी यशस्वी आहे.’ याला स्वयंसूचना म्हणतात. कल्पना जुनी आहे. फ्रान्समधले औषधविक्रेते एमिल कुए विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे येणाऱ्यांना सकाळ-संध्याकाळ वीस-वीस वेळा एकच वाक्य पुटपुटायला सांगत. आपण दिवसेंदिवस सुधारत आहोत, असा त्या वाक्याचा अर्थ.

हा सल्ला आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या बाईच्या किती कामाचा? ती रोवणीला जाते. बिडी वळते. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून त्याचे पुडके बांधते. कुणी अंगणवाडीत आहे, कुणी आशाताई आहे, कुणी बचत गटाची अध्यक्ष आहे. तिच्या मुली कॉलेज करून नोकरीसाठी अर्ज करतात. पण थोडी मोठी जबाबदारी पुढे केली, की पहिलं उत्तर येतं, ‘माह्याच्यानं नाही होत जी.’ मला वाटतं, हीही स्वयंसूचनाच आहे. फक्त उलटी. आणि ती वीस वेळा नाही, वीस वर्षं म्हटली गेलेली असते.

मग उलटं वाक्य काढून तिथं सुलटं ठेवलं की काम झालं का? तसं होत नाही. २००९ साली कॅनडात जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपण प्रेम करण्याजोग्या आहोत, असं वाक्य त्यांनी काही जणांना मनाशी वारंवार म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं, त्यांना थोडं अधिक बरं वाटलं. ज्यांच्या मनात स्वतःबद्दल कमीपणा होता, त्यांना मात्र ते वाक्य म्हणून आणखी वाईट वाटलं. म्हणजे ज्यांना औषधाची गरज होती, त्यांनाच ते बाधलं. कारण उघड आहे. ओठ म्हणतात ‘मी यशस्वी’ आणि आतून आवाज येतो, ‘खोटं आहे.’

दुसरी एक वाट अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडली. माणसानं स्वतःची स्तुती करण्यापेक्षा आपल्याला खरोखर काय मोलाचं वाटतं याची आठवण ठेवावी, म्हणजे पाय जमिनीवर टिकतात, असा तिचा गाभा. २०१० साली कोलोरॅडोमधल्या एका अभ्यासात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सत्रात दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टींबद्दल लिहायला दिलं. मुलं आणि मुली यांच्या गुणांतलं अंतर त्यामुळे कमी झालं. नंतर सगळीकडे असाच गुण आला नाही, हेही सांगायला हवं. पण एक गोष्ट त्यातून घेण्यासारखी आहे. ज्या वाक्याला आतून ‘खोटं’ असं उत्तर येणार नाही, तेच वाक्य उपयोगाचं.

असं वाक्य कुठून आणायचं? मी कवयित्री, त्यामुळे माझं लक्ष क्रियापदाकडे जातं. आपल्या बाया स्वतःच्या कामाबद्दल कशा बोलतात, ते ऐका. ‘रोवणी झाली.’ ‘हप्ता फिटला.’ ‘पोरी शिकल्या.’ ‘झालं बाई कसंतरी.’ सगळं आपोआप झाल्यासारखं! करणारी कुठंच नाही. आणि घरातला पुरुष? गवंड्यानं बांधलेल्या घराबद्दलही तो सांगतो, ‘मी घर बांधलं.’ मराठी भाषा दोघांची एकच आहे. ‘मी’ मात्र एकाच्याच वाट्याला आला आहे.

हे केवळ व्याकरण नाही. जे ‘झालं’, त्याची मजुरी, बढती, पद कोण मागणार? मुलाखतीत मुलगी म्हणते, ‘कॉलेजात कार्यक्रम व्हायचे.’ ते कार्यक्रम तिनंच पार पाडलेले असतात. समोरच्यानं ते ओळखायचं कसं? महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा राखीव आहेत. तरी काही गावांत खुर्चीवर बाई आणि बोलणारा तिचा नवरा, असं चित्र दिसतं. तिथंही हरवलेला शब्द ‘मी’ हाच.

म्हणून माझं सांगणं असं, की स्वयंसूचना भविष्यकाळात किंवा वर्तमानकाळात नको, भूतकाळात करा. ‘मी समर्थ आहे’ असं नाही. ‘मी सहा वर्षं गटाचा हिशेब लिहिला.’ ‘मी बारा बायांना घेऊन वेळेत रोवणी संपवली.’ हवं तर आपल्या बोलीत म्हणा, ‘मीनं केलं.’ आकडा घाला. याला मन ‘खोटं’ म्हणूच शकत नाही. मग त्याच्या खाली पुढचं वाक्य लिहा, ‘म्हणून मी या कामासाठी अर्ज करते.’

आणि ते एकटीनं आरशासमोर म्हणू नका, चार जणींत म्हणा. १९७५ साली स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ असो की पुढे आलेलं ‘उमेद’ अभियान, त्यांच्या बचत गटांचा पाया नियमित बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि हिशेब हाच आहे. बैठकीच्या वहीत बाईच्या नावापुढे तिनं भरलेली रक्कम लिहिली जाते, खाली तिची सही असते. माझ्या दृष्टीनं ती वही म्हणजे स्वयंसूचनेचं सगळ्यांत भरवशाचं पुस्तक. कारण तिला साक्षीदार आहेत.

आपल्या विदर्भातल्या जाईबाई चौधरी यांच्याकडे पाहा. हमाली करून पोट भरणारी ही दलित स्त्री शिकली, शिक्षिका झाली आणि १९२२ मध्ये नागपुरात तिनं चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. केलेलं काम हाच तिच्या पुढच्या पायरीचा दाखला होता.

एक सावधगिरी मात्र हवी. कुठल्याही वाक्यानं हजार बिड्यांचा दर वाढत नाही की रात्री परतायला बस मिळत नाही. बाईला म्हणायचं, ‘तुझा आत्मविश्वास कमी आहे,’ आणि मजुरी तेवढीच ठेवायची, ही लबाडी आहे. आमच्या घरांत एक शिकवण सांगतात: आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव. वाक्य हा भरवसा. दर, सही, बँकेचं खातं, रात्रीची बस हा दोर. दोन्ही हवेत.

तेव्हा या आठवड्यात घरातली एक जुनी वही काढा. आजवर केलेली पाच कामं लिहा. प्रत्येक ओळ ‘मी’ या शब्दानं सुरू करा. पहिल्या दोन ओळींना हात अडखळेल. पाचवी ओळ लिहून झाली, की ती पाचही वाक्यं शेजारणीला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि तिचीही पाच ऐकून घ्या.