बर्फावरच्या दातांची निगा

सह्याद्रीतले कडे चढून तयार झालेली आमची मुलं उत्तरकाशीला किंवा मनालीला बेसिक कोर्स करतात, तिथे पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवतात आणि परतली की यादी घेऊनच घरी येतात. ‘सर, काय काय विकत घेऊ?’ मी विचारतो, ‘बूट कुठले आहेत?’ त्यांना बोलायचं असतं आइस अ‍ॅक्सबद्दल!

पण श्रोतेहो, सुरुवात बुटापासूनच करायची. क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधायचे पोलादी दात. ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रज इंजिनिअरने १९०८च्या सुमारास दहा दातांचे क्रॅम्पॉन आखले. १९२९मध्ये इटलीच्या लॉराँ ग्रिव्हेलने बोटांच्या पुढे येणारे दोन दात जोडले आणि उभ्या बर्फात पायऱ्या खोदत बसण्याचं काम खूपच कमी झालं. चढताना सारं शरीर या दोन दातांवर तोललेलं असतं. बुटाचा तळ मऊ असला की तो वाकतो, टाच हलते आणि क्रॅम्पॉन निसटतो.

माझा एकदा निसटलाय. क्रॅम्पॉन उसने होते, पण चांगले होते. ट्रेकिंगचे मऊ बूट मात्र माझे स्वतःचे, ‘चालून जाईल’ म्हणून नेलेले. दोराला बांधलेला होतो, म्हणून आज हे सांगतोय.

तेव्हा दुकानात जाताना आपले बूट हातात घेऊन जा. क्रॅम्पॉन बसवा, पट्टा न आवळता बूट उचलून हलवा. पडला, तर तो तुमच्यासाठी नाही.

आइस अ‍ॅक्सचं त्यामानाने सोपं. हिमनदीवर चालायचं तर सरळ दांड्याची एक पुरते. हिवाळ्यात स्पितीतले गोठलेले धबधबे चढायचे तर वाकड्या दांड्याच्या आखूड दोन लागतात. अशी महागडी जोडी घेऊन नंतर तिचा काठीसारखा वापर करणारे वीर मी पाहिले आहेत.

जुनं सामान स्वस्तात मिळतं. लोखंडी वस्तू असेल तर तडे बघून घ्यायला हरकत नाही. हार्नेस, दोर आणि स्लिंग मात्र कधीही जुने घेऊ नका. गाडीच्या डिकीत बॅटरीचं अ‍ॅसिड लागलेला दोर वरून अगदी धडधाकट दिसू शकतो. आणि नायलॉन न वापरताही जुनं होतं. बहुतेक उत्पादक जास्तीत जास्त दहा वर्षं सांगतात.

आता धार. दगडावर आपटून दात बोथट होतात आणि बोथट दात बर्फात शिरण्याऐवजी बर्फ फोडतो. मग मुलं ते कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरला लावून आणतात. चकचकीत दिसतात खरे! पण त्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं, दात मऊ पडतो आणि पुढच्याच चढाईत वाकतो. धार लावायची ती हातकानशीने, सावकाश, कडेकडेने. चपट्या बाजू घासून दात पातळ करायचा नाही. आइस स्क्रूची दातेरी तोंडं फार नाजूक असतात. नळीत बर्फ अडकला म्हणून ती खडकावर आपटली, तर स्क्रू पुन्हा बर्फात नीट फिरणार नाही.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे. मुंबई-कोकणची खारी, दमट हवा. मे महिन्यात मोहिमेहून आलेली सॅक तशीच माळ्यावर टाकली, की दिवाळीत उघडल्यावर गंज हातात येतो. आल्या दिवशी सगळं पुसा, वाळवा, पोलादाला तेलाचा हलका हात द्या. हे तेल दोर-हार्नेसला लागू देऊ नका. टोकांवरची रबरी टोपणं काढून ठेवा, त्यांच्यात ओल धरून राहते.

पहिल्या मोहिमेपुरती आइस अ‍ॅक्स भाड्याने मिळते. साठवलेले पैसे बुटांवर घाला आणि निघताना सॅकच्या खिशात एक छोटी कानस टाका.