बाळंतपण करायला आलेल्या आईलाही विचारा

अजिंठ्याला तुमच्यापैकी बरेच जण येऊन गेले असतील. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाडी लावायची आणि तिथून बसने लेण्यांपर्यंत. दोन नंबरच्या लेण्यात बुद्धजन्माचं चित्र आहे. कथा अशी की मायादेवी झाडाची फांदी धरून उभी राहिली आणि बाळ तिच्या कुशीतून, म्हणजे बरगड्यांखालून, बाहेर आलं. फर्दापूरच्या बायांना ही सोय नाही. बाळ खालूनच येतं आणि येताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू (पेल्विक फ्लोअर) ताणून येतं.

हे स्नायू पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे बांधलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय, तिन्हींचा भार त्यांच्यावर. ते सैल पडले की खोकताना, शिंकताना लघवी सुटते. संध्याकाळपर्यंत खाली जड, ओढल्यासारखं वाटतं. वारा सरण्यावर ताबा राहत नाही. सिझेरियनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. धोका कमी होतो, संपत नाही, कारण नऊ महिन्यांचा भार त्यांनीही वाहिलेला असतो.

पण याबद्दल बाया बोलत नाहीत. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग निघालं, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. त्यात जंतुसंसर्गाचा वाटा मोठा होता, पण न बोलण्याची सवय सगळ्या दुखण्यांना सारखीच.

आमच्याकडे पहिल्या बाळंतपणाला माहेर आणि सव्वा महिना मिळतो. तिसऱ्याला कोण देतं? बाई पुन्हा कापूस वेचायला, डोक्यावर ओझं घ्यायला उभी. तीच बाई पुढे व्हिसा काढून लेकीचं बाळंतपण करायला तुमच्याकडे परदेशात येते. लेकीचं पोट बांधते, शेक देते. (पोट घट्ट बांधून खालचे स्नायू बळकट होत नाहीत, हे जाता जाता सांगतो.) स्वतः मात्र घरातून निघण्याआधी तीनदा बाथरूमला जाऊन येते, लांबच्या सहलीला नको म्हणते. तिला ‘पेल्विक फ्लोअर’ विचारू नका. “आई, अंग बाहेर येतं का? खोकल्यावर लघवी होते का?” असं सरळ विचारा.

आधी लेकीचं पाहू. सुरुवातीला थोडी लघवी सुटणं बऱ्याच जणींना होतं आणि कमीही होतं. सहा ते आठ आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगावं. वारा अडवताना जे स्नायू आवळतो तेच वर ओढून काही सेकंद धरायचे आणि पूर्ण सोडायचे. एका वेळी आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखायचा नाही, लघवी मध्येच अडवून सराव करायचा नाही. अनेक जणी भलताच स्नायू आवळतात, म्हणून फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावं. फ्रान्समध्ये हे उपचार सरकारी विम्यातून मिळतात; तुमच्या देशात काय मिळतं ते विचारून घ्या. तीन महिन्यांत फरक नसेल किंवा खाली गाठ हाताला लागत असेल, तर तज्ज्ञ गाठावा. लघवी तुंबली, सतत थेंब थेंब गळत राहिली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा तापासोबत घाण वासाचा स्राव असेल, तर त्याच दिवशी.

आता आईचं. तिला आपल्याकडे बहुधा एकच सल्ला मिळतो: पिशवी काढून टाका. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला तो उगाच नाही. पिशवी काढल्यावरही योनीचा वरचा भाग खाली उतरू शकतो. व्यायाम आहे, आत बसवायची रिंग आहे, गर्भाशय राखून करायच्या शस्त्रक्रिया आहेत. मूळ गोव्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी अशीच एक मुंबईत विकसित केली. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं, तर मात्र ते सैल स्नायूंवर ढकलू नका. लगेच तपासून घ्या.

प्रवासी विम्यात जुनं दुखणं बहुधा बसत नाही. म्हणून तिकीट काढण्याआधीच तिची तपासणी करून घ्या. फर्दापूरहून जळगाव जवळ आहे, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय शंभरेक किलोमीटर. आणि तेवीस किलोच्या दोन बॅगा तिला पट्ट्यावरून उचलायला लावू नका. डिंकाचे लाडू तिथेही वळता येतात.